बिनघोटलेला कागद

ओला कागद भिंतीला लागतो तेव्हा त्याचा एक आवाज होतो, पाठीवर कुणी हलकेच थोपटावं तसा. माझ्या लहानपणीची जुन्नरची सकाळ म्हणजे तो आवाज. आमच्या कागद्यांच्या मोहल्ल्यात तेव्हा घरोघर हातकागद निघायचा. पुढच्या अंगाला हौद, मागच्या अंगाला चूल, आणि मधल्या भिंती चुन्याने अशा गुळगुळीत केलेल्या की बोट घसरावं. अब्बा हौदाकाठच्या खड्ड्यात बसायचे आणि गवताच्या काड्यांची बारीक चटई लगद्यात बुडवून सपाट वर उचलायचे. पाणी गळून जायचं आणि चटईवर सायीसारखा पातळ थर उरायचा. तो एक ताव. अम्मा ते ताव कुंच्याने भिंतीला लावायची. वाळले की गव्हाची खळ लावून पुन्हा वाळवायची, आणि मग ते माझ्या पुढ्यात यायचे. फळीवर ताव पसरून गुळगुळीत दगडाने तो चकाकेपर्यंत घासायचा, त्याला घोटणं म्हणतात. घोटलेल्या कागदावर बोरू सुरेख पळतो, बिनघोटलेल्यावर शाई फुटते. घोटणं हे बायकांचं काम. पुरुषाने त्या दगडाला हात लावला तर मोहल्ला हसायचा.

खळ शिजली की तिचा वास सगळ्या घरात भरायचा. भांड्याच्या तळाला राहिलेली खळ मी गूळ घालून खात असे. अम्मा म्हणायची, पोटात कागद वाळंल तुझ्या. सकाळी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, दुपारी बाजरीची भाकरी आणि लसणीचा ठेचा, शुक्रवारी जमलं तर कालवण. आमच्याकडे फार होतं असं नाही, पण ते वेळेवर होतं. या वेळेवरपणाची किंमत मला फार उशिरा कळली.

हे मी कुणाला दाखवण्यासाठी लिहीत नाही. मागच्या महिन्यात माझा धाकटा मुलगा मुंबईची गिरणीतली नोकरी सुटून घरी आला आणि तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिला. त्याला काय सांगावं हे मला सुचेना. बोलणं मला कधीच साधलेलं नाही. मी त्याच्यापुढे लसणीची टोपली ठेवली आणि सोलायला सांगितलं. तो चिडला, पण थोड्या वेळाने उठून सोलू लागला. त्याला असं वागवायला मी कुठे शिकले ते आठवलं, म्हणून ही वही काढली. घरात आमची बोली अर्धी दखनी होती, पण मला लिहिता येतं ते मराठीच, म्हणून सगळ्यांची बोलणी मराठीतच लिहिते.

मोहल्ल्यातल्या मुली शाळेत जात नसत. मी गेले त्याचं कारण रद्दी. कागदाला लगदा लागतो, आणि लगद्यासाठी जुनी गोणपाटं आणि कचेऱ्यांतली रद्दी लागते. ती रद्दी भिजवून पायांनी तुडवायची. पण त्यात देवाचं नाव असलेला कागद असला, मग तो आमचा असो की हिंदूंचा, तर त्याच्यावर पाय पडता कामा नये असा आमच्याकडे नेम होता. तसे कागद वेगळे काढून कुकडी नदीच्या पाण्यात सोडत. आमच्या घरात मराठी वाचणारं कुणी नव्हतं. तेव्हा अब्बांनी मला मुलींच्या शाळेत घातलं, रद्दी निवडण्यापुरतं वाचता यावं म्हणून. मी चौथीपर्यंत गेले. वर्गात माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. मास्तर वयस्कर होते, समजूतदार होते. ते मला उत्तर पाटीवर लिहून दाखवू देत. चौथीच्या परीक्षेला आलेल्या साहेबांनी कविता म्हणायला सांगितली तर मी पाटीवर ती सगळी लिहून त्यांच्यापुढे धरली. ते हसले आणि पास केलं.

मग वाईट दिवस आले. ते एका दिवसात आले नाहीत. आधी कचेऱ्यांनी गिरणीचा कागद घेतला, मग व्यापाऱ्यांच्या पेढ्यांनी. गिरणीचा कागद पांढरा आणि स्वस्त. आमचा टिकतो, वाळवी खात नाही, हे सगळ्यांना पटत होतं, पण घेत कुणी नव्हतं. मोहल्ल्यातले थपथप आवाज एकेक करून बंद होत गेले. कुणी मुंबईला गेलं, कुणी बैलगाडी घेऊन कांदा वाहू लागलं. शेजारच्या कादरचाचांनी हौद फोडून तिथे बकऱ्या बांधल्या. पुढे ते दिवसभर नुसते ओट्यावर बसत. एकदा सकाळी ते ओट्यावर नव्हते. दोन दिवसांनी ते कुकडीच्या खालच्या डोहात सापडले. पाय घसरला असं सगळे म्हणाले, आणि आम्हीही तसंच म्हणालो.

अब्बांनी हौद सोडला नाही. पण ते बदलले. मुळातच कमी बोलायचे, ते आता बोलेनासेच झाले. भाकरीचा तुकडा हातात धरून बसत आणि तो तसाच ताटात ठेवत. पाण्यात राहून त्यांची बोटं पांढरी आणि सुरकुतलेली असायची, ती आता थरथरू लागली. ताव उचलताना चटई एका बाजूला कलायची आणि कागद एकीकडे जाड, एकीकडे झिरझिरीत निघायचा. अम्मा उजाडताच त्यांच्यापुढे गरम माडगं ठेवायची, पिऊन होईपर्यंत समोर बसून राहायची, मग म्हणायची, उठा, हौद वाट बघतोय. दुपारी उठवून जेवायला घालायची. उन्हं कलली की काहीतरी निमित्त काढून वेशीपर्यंत चालायला न्यायची. मला वाटे, हिला काही कळतच नाही. घर बुडत चाललंय आणि ही माडगं करते आहे.

त्याच सुमारास मास्तर घरी आले. मंचरला मुलींचा वर्ग निघत होता, हाताखाली शिकवायला बाई हवी होती. चौथी झालेली, अक्षर चांगलं असलेली. त्यांनी माझं नाव सुचवायचं मनात घेतलं होतं. मंचरला अम्माची खाला, तिची मावशी, राहत होती, म्हणजे राहण्याचा प्रश्न नव्हता. दाराआडून मी ते ऐकत होते. मला वर्गापुढे उभं राहायचं म्हटलं की मरणाची भीती वाटत होती, आणि तरी त्या घरातून बाहेर पडायचं होतं. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग कागद कोन घोटनार?" मास्तर विचार करून सांगा म्हणून उठून गेले.

मी घोटत राहिले. सकाळी घोटायचं, दुपारी घोटायचं, खांदा दुखून हात वर होईना एवढं घोटायचं. मला एक खोड होती. घोटून झालेल्या तावाच्या अगदी कडेला मी बोरूने माझं एक बारीक अक्षर काढत असे, 'ज'. जैनबचा ज. ग्राहक कडा कापून टाकतात, कुणाच्या लक्षात येत नसे. जगात कुठेतरी आपलं अक्षर जातंय एवढंच त्यात सुख. एका दुपारी ताव उजेडात धरला तर त्याच्या पोटात एक काळा ठिपका दिसला. कागदात असे ठिपके असतात, पण हा वाकडा होता. मी तो नखाने उकरला. ती माझ्या अक्षराची शेपटी होती, नीट न कुटलेल्या लगद्यातून तशीच राहिलेली. दुसऱ्या तावात आणखी एक होती. मी उठले आणि पुढच्या अंगाला जाऊन भिंतीआडून पाहिलं. अब्बा हौदाशी बसून ताव फाडत होते. मी घोटलेले, चकाकणारे ताव. एकेक घ्यायचे, चार तुकडे करायचे, पाण्यात टाकायचे.

कागद कुठेच जात नव्हता. भिंतीवरून फळीवर, फळीवरून पेटीत, पेटीतून परत हौदात. किती महिने ते मला माहीत नव्हतं. माझ्या खांद्यातली कळ कुणासाठी होती असं मनात आलं आणि मला रडूही येईना.

दोनच दिवसांनी मास्तर उत्तर मागायला आले. ओट्यावर बसून त्यांनी एक ताव हातात घेतला, मायेने त्याच्यावरून हात फिरवला आणि विचारलं, अजून घेतात का हो कुणी असला कागद? अब्बा म्हणाले, नाशिककडनं मागणी हाय, लई मागणी हाय, पुरं पडत न्हाई, म्हनून तर पोरीला धाडता येत न्हाई. अब्बांना असं खोटं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी दाराशी उभी होते. मोठ्याने, परक्या माणसापुढे, आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या तोंडून पूर्ण वाक्य निघालं.

"कुनी घेत न्हाई, मास्तर. अब्बा ह्योच कागद फाडून रोज परत हौदात घालत्यात."

मास्तरांनी ताव खाली ठेवला. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते उठले नाहीत. माडगं गार होऊन त्याच्यावर साय धरली. अम्मा समोर बसून राहिली, पण ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती कागदाची भिंत होती. आदल्या दिवशीचे ताव तिच्यावर तसेच होते. ते कुणी काढले नाहीत, तेव्हा वाळून आपोआप सुटू लागले आणि एकेक करून त्यांच्या अंथरुणावर पडू लागले. ते बाजूला करायलाही त्यांनी हात उचलला नाही. तिसरा दिवस गेला, चौथा गेला. आमच्या घरातला आवाज बंद झाला. मोहल्ल्यातला तो शेवटचा होता. मी चुलीमागे बसून राही. मला वाटे, मी बोलत नव्हते तेच बरं होतं. एकदा तोंड उघडलं आणि माणूस आडवा केला.

अम्मा मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती कांदा चिरत होती. चिरता चिरता खाली मान घालूनच म्हणाली, "तुला काय वाटलं, मला ठाव नव्हतं? तू निजलीस की मीच कागद भिजाया घालायची."

मी म्हटलं, "मग सांगितलं का न्हाई?"

"काय सांगायचं? कादरनं हौद फोडला तवा त्येच्या घरच्यांनी पेढं वाटलं. म्हनं सुटला एकदाचा. पुढं काय झालं बघितलंस न्हवं?" तिने चिरलेला कांदा एका बाजूला केला. "मी त्येंना नुस्तं हौदापाशी बसवून ठिवत व्हते. आजचा दिस गेला की उद्याचा. तवर काय सुचंल, कुनी यील, असं म्हनत व्हते. तुझं खरंय. पन माझंबी खरंच व्हतं."

आज मी अम्माच्या तेव्हाच्या वयाहून कितीतरी मोठी आहे. तिचं बरोबर होतं की माझं हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

पाचव्या सकाळी अंथरूण रिकामं होतं. अम्मा ओट्यावर आली, तिने रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं आणि तिथेच खाली बसली. मला म्हणाली, जा. मी अनवाणी पळत सुटले. पाऊस नुकताच सरला होता आणि कुकडीला अजून ओढ होती. आधी मी खालच्या डोहाकडे गेले, कादरचाचांच्या. तिथे कुणी नव्हतं. मग वर आले, जिथे मोहल्ल्यातले सगळे पूर्वी लगदा धुवायचे त्या खडकाशी. अब्बा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. डोक्यावर कागदाचा गठ्ठा होता. त्यातला एकेक ताव काढून ते पाण्यावर अलगद ठेवत होते, आम्ही देवाच्या नावाचे कागद सोडायचो तसे. ताव थोडा वेळ तरंगायचा, जड व्हायचा, आणि वाहत जायचा. प्रत्येक तावाबरोबर ते अर्धं पाऊल पुढे सरकत होते. पाणी त्यांच्या छातीशी आलं.

हाक मारायची होती. तोंड उघडलं, आवाज येईना. शाळेत यायचा नाही तसाच येईना. मी पाण्यात उतरले. लुगड्यात पाणी भरून ते जड झालं, खालचे गोटे पायाखालून सरकू लागले. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. त्यांना मी आल्याचं नवल वाटलं नाही. समोर बघतच ते म्हणाले, "जैनू, ह्येचा आता लगदाबी व्हत न्हाई. फाडून फाडून धागाच ऱ्हायला न्हाई ह्येच्यात. हातात धरला की तुटतो."

ते कागदाचं बोलत होते. मला ते सगळं समजलं. त्यांना धीर द्यावा, माफी मागावी, असं काही सुचलं नाही. सुचलं ते एवढंच. मी म्हटलं, "मी मंचरला जाते. तिथं पोरींना कित्ता गिरवाया कागद लागंल. गोनपाट घेऊन नवा लगदा करा. माझ्यापुरता थोडा."

पाणी आम्हा दोघांना ढकलत होतं.

मी म्हटलं, "घोटाया कुनी न्हाई म्हनत असाल, तर तसाच द्या. बिनघोटलेला चालंल."

तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पाच दिवसांत पहिल्यांदा. त्यांच्या कपाळावर आठी होती.

"बिनघोटलेला? शाई फुटंल की त्याच्यावर."

"फुटंल तर फुटंल. बारकी पोरं, त्येंना काय कळतंय."

"त्येंना न्हाई कळत," अब्बा रागाने म्हणाले, "मला कळतंय. माझ्या हौदाचा कागद आन् शाई फुटलेला? लोक काय म्हनतील?" आणि डोक्यावरचा उरलेला गठ्ठा त्यांनी काखेत मारला आणि माझ्या हाताला धरून मला काठाकडे ओढू लागले. चल, म्हणाले, गार पान्यात उभी ऱ्हायलीस, अक्कल हाय का.

घरी अम्माने दोघांपुढे माडगं ठेवलं. अब्बा ते प्यायले. मी हे लिहिते आहे म्हणून सगळं ठीक झालं असं नाही. पुढेही ते दोन-चार दिवस हौदाशी बसायचे आणि मग आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. अम्मा पुन्हा समोर बसायची. पण मी जायच्या आधीच्या सकाळी मागच्या अंगाला गेले तर माझ्या फळीशी अब्बा बसले होते. तो बायकांचा दगड त्यांच्या हातात होता आणि ते घोटत होते. नवशिक्यासारखे, कडा सोडून, नुसता मध्यच घासत. मला बघून ते लाजले. मी म्हटलं, कडेकडनं सुरू करा. आणि पुढच्या अंगाला निघून गेले, कारण तिथे उभं राहवेना.

गाडीत बसताना मी मागे वळून पाहिलं नाही. अब्बा वेशीपर्यंत आले नव्हते. अम्मा म्हणाली, ते पडल्यात, तू जा. मंचरचे पहिले आठ दिवस मी वर्गात काहीच बोलले नाही. सगळं फळ्यावर लिहायची, आणि पोरी एकमेकींत म्हणायच्या, नवीन बाई मुक्या हायेत. संध्याकाळी खालाच्या घरी रडू यायचं, भूक लागायची नाही, परत जावं असं रोज वाटे. तेव्हा मी अम्मा अब्बांना वागवायची तसं स्वतःला वागवू लागले. भूक असो नसो, वेळेवर ताटावर बसायचं. उन्हं कलली की वेशीपर्यंत जाऊन यायचं. हातात काहीतरी धरायचं. नवव्या दिवशी एक पोर पाटी पडून रडू लागली आणि माझ्या तोंडून शब्द निघाला.

दर महिन्याला जुन्नरच्या गाडीतून कागदाचा गठ्ठा यायचा. मी प्रत्येक ताव उजेडात धरायची. एकसारखा असला की अब्बांचे दिवस बरे गेले, एकीकडे जाड असला की हात थरथरला. पत्र लिहायला त्यांना येत नव्हतं, पण मला सगळं वाचता यायचं. पोरींनी गिरवून काळे केलेले कागद मी त्याच गाडीने परत पाठवायची, रद्दी म्हणून. ते परत हौदात जायचे आणि नवे होऊन यायचे. पुन्हा तोच कागद, तोच लगदा. फरक इतकाच की मधल्या वेळात त्याच्यावर कुणीतरी लिहायला शिकलं होतं.

असं तीन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी गठ्ठे लहान होत गेले. त्या हिवाळ्यात अब्बा गेले, खोकल्याने, घरात, अंथरुणावर, अम्माच्या मांडीवर डोकं ठेवून. नदीत नाही. अम्मा हे मला दोनदा म्हणाली.

शेवटचा गठ्ठा मी वापरला नाही. तो ट्रंकेत तळाशी आहे. आता त्याच्यावर लिहिताही येणार नाही. फार वेळा फाडलेला, धागा न राहिलेला कागद आहे, बोरूच्या टोकाने भोक पडेल. ही वही गिरणीच्या कागदाची आहे. कधी धाकटा बाहेर गेला की मी ट्रंकेतल्या गठ्ठ्यातला एक ताव काढून दारातल्या उजेडात धरते. मध्य छान घोटलेला आहे, कडा खरखरीत. पोटात बारीक काळे ठिपके आहेत. कुठल्या पोरीचे, कुठल्या अक्षराचे, ते काही लागत नाही.